विश्लेषण : हेडलाइटचा बल्ब घरी बदलावा की गॅरेजमध्ये?

गाडीचा एक हेडलाइट बंद पडला आहे, हे बहुतेक वेळा मालकाला सर्वात शेवटी कळते. सोसायटीचा वॉचमन सांगतो, पेट्रोल पंपावरचा मुलगा सांगतो, नाहीतर पार्किंगच्या भिंतीवर दोनऐवजी उजेडाचा एकच डाग दिसतो. मग ‘रविवारी गॅरेजला दाखवू’ असे ठरते आणि रविवार उजाडेपर्यंत चार-पाच रात्री गाडी एका दिव्यावर धावते. वास्तविक बऱ्याच गाड्यांत हा बल्ब बदलणे दहा-पंधरा मिनिटांचे काम असते. काही गाड्यांत मात्र त्यासाठी पुढचा बंपर उतरवावा लागतो आणि काहींमध्ये बदलण्यासारखा बल्बच नसतो. आपली गाडी यांपैकी कोणती, स्वतः कुठपर्यंत हात घालावा आणि गॅरेजला पैसे मोजायचे ते नेमके कशाचे, याविषयी.

एक दिवा बंद असला तर बिघडते काय?

समोरून येणारा चालक रात्री गाडी पाहत नाही, तो दिवे पाहतो. दोन दिव्यांमधल्या अंतरावरून त्याला गाडीची रुंदी आणि तिचे अंतर यांचा अंदाज येतो. एकच दिवा दिसला की त्याच्या लेखी ती मोटरसायकल असते.

आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, त्यामुळे उजवा हेडलाइट रस्त्याच्या मधल्या रेषेकडचा. तो गेला आणि डावा चालू राहिला, तर समोरच्याला वाटते की एक दुचाकी आपली कडेकडेने येत आहे. प्रत्यक्षात त्या दिव्यापासून मधल्या रेषेकडे सव्वा-दीड मीटर रुंदीची गाडी अंधारातून पुढे सरकत असते. दुभाजक नसलेल्या राज्य मार्गावर कोणी ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर पडला असेल, तर ‘दुचाकी आहे, निघून जाऊ’ हा त्याचा हिशेब चुकतो. वरंधा किंवा आंबा घाटासारख्या वळणांच्या रस्त्यावर हा अंदाज घ्यायला मुळात वेळच थोडा मिळतो.

डावा दिवा गेला तर धोका कडेच्या बाजूला. पायी चालणारे, सायकलवाले, बंद पडून उभी राहिलेली वाहने तिथेच असतात. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात, म्हणजे पावसाळा सरल्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत, पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असणे नवे नाही. तिच्या मागे रिफ्लेक्टर लावलेला असला, तरी तो चमकायला त्याच्यावर उजेड पडावा लागतो.

याहून वाईट सवय म्हणजे डिपर गेला म्हणून अप्परवर गाडी चालवणे. अनेक छोट्या गाड्यांच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक डिपरची आणि एक अप्परची. शहरात डिपर सतत चालू राहत असल्याने त्याची तार आधी तुटते, अप्परची शाबूत राहते. बटण दाबले की उजेड पडतो, मालकाचे काम भागते. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र काही क्षण काळोख होतो.

आपल्या गाडीत बल्ब आहे का, हे कसे ओळखायचे?

हेडलाइटचे ढोबळमानाने तीन प्रकार रस्त्यावर आहेत. पहिला आणि घरी बदलण्याजोगा प्रकार हॅलोजन बल्बचा. त्याचा उजेड किंचित पिवळसर असतो आणि बॉनेट उघडल्यावर हेडलाइटच्या मागे रबराची टोपी किंवा फिरवून निघणारे प्लास्टिकचे झाकण दिसते. दुसरा प्रकार झेनॉन, म्हणजे एचआयडी दिव्यांचा. तो पेटवण्यासाठी जोडलेला बॅलास्ट सुरुवातीच्या क्षणी २० हजार व्होल्टच्या आसपासचा झटका देतो. त्यात घरगुती हात घालू नये. तिसरा प्रकार कारखान्यातूनच एलईडी बसवून आलेल्या बंद हेडलाइटचा. त्यात सुटा बल्ब नसतो. बिघाड झाला की अनेक मॉडेलांत अख्खा दिवाच बदलावा लागतो, आणि अशा एका दिव्याची किंमत दहा हजारांपासून पुढे कितीही जाऊ शकते. अशी गाडी वॉरंटीत असेल तर थेट अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठणे, हाच शहाणपणा.

हॅलोजनमध्येही एकच बल्ब सगळीकडे चालत नाही. एच४ हा दोन तारांचा, तीन पिनांचा बल्ब १९७१ पासून युरोपातल्या गाड्यांत आला आणि आपल्याकडच्या कित्येक लहान गाड्यांत अजूनही तोच आहे. त्याची डिपरची तार ५५ वॉटची, अप्परची ६० वॉटची. ज्या गाड्यांत डिपर आणि अप्परचे बल्ब वेगळे असतात, तिथे एच७, एच११, एच१, एचबी३ अशी नावे भेटतात. नेमका कोणता, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेच्या मागच्या पानांतल्या तक्त्यात लिहिलेले असते. पुस्तिका हरवली असेल तर जुन्या बल्बच्या धातूच्या बैठकीवर तेच अक्षर कोरलेले सापडते. दुकानात जाताना जुना बल्ब खिशात नेणे सर्वात सोपे. पुण्यात नाना पेठेत काय किंवा तालुक्याच्या बसस्टँडसमोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काय, काउंटरवरचा माणूस गाडीचे नाव विचारण्याआधी बल्बच मागतो.

खर्चाचा हिशेब काय?

नामांकित कंपनीचा साधा एच४ बल्ब साधारण दीडशे ते तीनशे रुपयांत मिळतो. एच७, एच११ त्याहून महाग पडतात. नाक्यावरचा ऑटो इलेक्ट्रिशियन ओळखीचा असेल तर बल्ब त्याच्याकडूनच घेतल्यावर मजुरी घेतोच असे नाही. घेतली तरी शंभराच्या आसपास. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बल्बची किंमत, लेबर आणि त्यावरचा जीएसटी धरून बिल काहीशे रुपयांनी वाढते. त्याशिवाय गाडी तिथे नेणे, जॉब कार्ड करणे, वाट पाहणे, यात अर्धा दिवस जातो तो वेगळाच.

म्हणजे साध्या गाडीत स्वतः बल्ब बदलून वाचतात ते शे-पाचशे रुपये, आणि ते दोन-तीन वर्षांतून एकदा. एवढ्यासाठी कोणी हात काळे करणार नाही, हे म्हणणे चूक नाही. बचत होते ती रात्रींची. ज्याच्या डिक्कीत नवा बल्ब आहे आणि तो लावता येतो, त्याची गाडी त्याच संध्याकाळी पुन्हा दोन दिव्यांची होते. रात्री दहा वाजता बार्शी-लातूर रस्त्यावर बल्ब उडाला तर जवळ गॅरेज असले, तरी ते उघडे असेलच असे नाही.

बल्ब हाती असताना काय करावे?

आधी चावी काढून घ्यावी आणि दिव्यांचा स्विच बंद करावा. ‘ऑटो’वर ठेवलेला स्विचही बंद करावा. दिवा नुकताच जळत असेल तर दहा-पंधरा मिनिटे थांबणे भाग आहे, कारण हॅलोजनची काच काहीशे अंशांपर्यंत तापते. इंजिन गरम असेल तर रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही काही गाड्यांत अचानक फिरू लागतो. हात, ओढणी, सैल बाही त्याच्यापासून लांब ठेवावी.

हेडलाइटच्या मागच्या बाजूला बल्बच्या पिनांवर प्लास्टिकचा कपलर बसवलेला असतो. तो सरळ मागे ओढून काढायचा. वायरला धरून ओढले की वायर हातात येते आणि कपलर तिथेच राहतो, म्हणून कपलरच्या अंगाला धरावे. वर्षानुवर्षे न काढलेला कपलर घट्ट बसलेला असतो. डावी-उजवीकडे हलका हलवत काढला तर सुटतो. त्यानंतर रबराची टोपी, आणि टोपीखाली बल्ब दाबून धरणारी तारेची क्लिप. ही क्लिप नवख्याला सगळ्यात जास्त छळते. ती आधी आत दाबून मग बाजूला सरकवायची असते, नुसती ओढून सुटत नाही. बॉनेटखाली हात जेमतेम शिरतो, डोळ्यांना क्लिप दिसत नाही, सगळे बोटांच्या अंदाजाने करावे लागते. अशा वेळी मोबाइलचा कॅमेरा आत धरून आधी फोटो काढावा. दुसऱ्या बाजूचा हेडलाइट शाबूत असतो. तिथली क्लिप पाहून ही कशी बसते ते कळते, एवढेच की ती आरशात पाहिल्यासारखी उलटी असू शकते.

नवा बल्ब धातूच्या बैठकीला धरून आत घालायचा. एच४ च्या बैठकीला तीन कान असतात आणि त्यांची ठेवण अशी की बल्ब एकाच पद्धतीने खाचेत बसतो. तो तिरका वाटत असेल, डुगडुगत असेल, क्लिप लागत नसेल, तर जोर लावू नये. फिरवून पुन्हा बसवावा. तिरका बसलेला बल्ब पेटतो, पण त्याचा फोकस आभाळात किंवा शेतात जातो. मग रबराची टोपी. तिची कड सर्व बाजूंनी नीट बसली नाही तर पहिल्या पावसात हेडलाइटच्या आत दव धरते, आणि हळूहळू आतला चकचकीत आरसा काळवंडतो. दोनशे रुपयांच्या बल्बसाठी काही हजारांचा दिवा असा जातो. कपलर लावून डिपर आणि अप्पर दोन्ही लागतात का ते पाहावे आणि मगच बॉनेट टाकावे.

काचेला बोट लावू नये, ते कशासाठी?

ही सूचना प्रत्येक खोक्यावर असते आणि बहुतेकांना ती कंपनीचा नखरा वाटते. हॅलोजन बल्बची काच क्वार्ट्झची किंवा खास कडक काचेची, आकाराने लहान आणि तारेच्या अगदी जवळ असते. तारेतून उडालेले टंगस्टनचे कण आतल्या आयोडीन किंवा ब्रोमिनच्या वायूशी जुळून पुन्हा तारेवर परतावेत, यासाठी ती काच मुद्दाम खूप गरम राहावी लागते. बोटाच्या तेलाचा डाग त्या उष्णतेत जळून काचेत बसतो, त्या जागी तापमान असमान होते आणि काच कमजोर होत जाते. लगेच काही होत नाही. बल्ब वेळेआधी जातो एवढेच. चुकून बोट लागले तर कोरड्या स्वच्छ कापडावर थोडे स्पिरिट घेऊन काच पुसावी आणि पूर्ण वाळल्यावर बल्ब लावावा.

जळालेला बल्ब फेकण्याआधी एकदा उजेडात धरून पाहावा. आत पांढरी भुकटी बसली असेल तर काचेला तडा जाऊन हवा शिरली होती. काच आतून काळपट-चंदेरी झाली असेल तर बल्बचे आयुष्य संपले होते, किंवा गाडी त्याला जास्त व्होल्टेज देत होती. हा दुसरा मुद्दा महत्त्वाचा. व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढले तरी हॅलोजनचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. दर दोन-तीन महिन्यांनी बल्ब उडत असेल तर तिसरा बल्ब विकत घेण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून अल्टरनेटरचे चार्जिंग मोजून घ्यावे. इंजिन चालू असताना ते साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान असते. हे निदान घरी बसून होत नाही आणि इथे गॅरेजला दिलेले पैसे सार्थकी लागतात.

नवा बल्ब लावूनही उजेड नसेल तर?

दोन्ही बाजूंचे डिपर एकाच वेळी गेले असतील तर दोन्ही बल्ब एकदम उडाल्याची शक्यता कमी. फ्यूज, रिले किंवा स्टीअरिंगजवळचा स्विच आधी तपासावा. (एक बल्ब महिन्यापूर्वीच गेला होता आणि दुसरा आज गेला, असेही असते, मालक मात्र ‘दोन्ही आजच गेले’ असे सांगतो.) एकच बाजू बंद असेल तर उजवीकडचा बल्ब डावीकडे लावून पाहावा. तिथे तो पेटला, तर दोष बल्बचा नसून होल्डर किंवा वायरिंगचा. कपलर पिवळा पडलेला, वितळलेला, पिनांवर हिरवट गंज आलेला दिसला तर बल्ब बदलून भागणार नाही. एक दिवा दुसऱ्यापेक्षा मंद जळत असेल तर बहुधा अर्थिंग खराब असते.

आणि दोन्ही दिवे मंद वाटत असतील तर आधी बाहेरची काच पाहावी. आजच्या गाड्यांना काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असते आणि ते उन्हाने पिवळे-धुरकट होते. त्या धुक्यामागे कितीही महागडा बल्ब लावला तरी उजेड बाहेर पडत नाही.

‘त्यापेक्षा एलईडीच टाका ना’

बल्ब बदलायला गेलेल्या ग्राहकाला दुकानात हमखास ऐकावे लागणारे वाक्य हे. दीडशे रुपयांऐवजी हजार-पंधराशेचा जोड, पांढराशुभ्र उजेड, ‘लावा आणि विसरा’. तो बसतोही, कारण बैठक एच४ ची किंवा एच७ चीच असते. अडचण बैठकीच्या पुढे सुरू होते.

एच४ मध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा उजेड अडवते आणि त्यामुळे आरशाचा जवळजवळ वरचा अर्धाच भाग वापरला जातो. भिंतीवर उजेडाची जी आडवी, स्वच्छ रेघ दिसते, जिच्या वर काळोख असतो आणि डाव्या टोकाला ती थोडी वर चढते, ती या वाटीची करामत. रेघेच्या वरचा काळोख समोरच्या चालकाच्या डोळ्यांसाठी, डावा चढ रस्त्याच्या कडेसाठी. हेडलाइटचा आरसा एका बारीक तारेभोवती आखलेला असतो. तार मिलिमीटरभर हलली तरी हे चित्र बिघडते. एलईडीमध्ये तारेच्या जागी दोन सपाट बाजूंवर चिकटवलेल्या चकत्या आणि मध्ये जाड पट्टी असते. उजेड भरपूर, पण तो आरशाच्या नको त्या भागावरही पडतो आणि रेघेच्या वर सांडतो.

चालकाला मात्र फायदा झाल्यासारखे वाटते. गाडीच्या नाकापुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख उजळतात आणि त्या झगमगाटाला सरावलेल्या डोळ्यांना लांबचा अंधार अधिक गडद भासतो. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. नाकापुढचा उजेड त्या वेगात कामाचा नाही.

कारखान्यातून एलईडी बसवून आलेले हेडलाइट वाईट असतात, असा याचा अर्थ नाही. त्यांची भिंगे आणि आरसे त्या चकत्यांसाठीच आखलेले असतात. जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणारे काही एलईडी दिवे कायदेशीर झाले, तेही ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटमध्ये तपासून. एकाच एच७ बैठकीचा दिवा एका मॉडेलला चालतो आणि दुसऱ्याला नाही, तो यामुळेच.

जुन्या पिढीचा शौक होता १००/९० वॉटच्या बल्बचा. ६० वॉटची तार १२ व्होल्टवर ५ अँपिअर खेचते; १०० वॉटची आठहून अधिक. कंपनीने दिलेली वायर, स्विच आणि प्लास्टिकचा होल्डर यासाठी नसतात. वेगळा रिले आणि जाड वायरिंग टाकून घेतले तरी समोरच्याला बसणारा झटका कमी होत नाही. निळसर काचेचे ‘सुपर व्हाइट’ बल्ब त्या मानाने निरुपद्रवी, पण निळा थर काही उजेड गाळून टाकतो. उरलेला उजेड पुरेसा वाटावा म्हणून तार अधिक तापवली जाते आणि बल्ब लवकर जातो. पैसे रंगाचे.

कायदा काय म्हणतो?

पुस्तिकेत सांगितलेला बल्ब त्याच प्रकारच्या बल्बने बदलणे हा वाहनातला बदल नव्हे, तो देखभालीचा भाग. त्यासाठी परवानगी लागत नाही, गॅरेजची पावतीही लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०५ वा नियम अंधारात दिवे लावण्याविषयी आहे आणि १०६ वा नियम समोरच्याचे डोळे दिपू नयेत अशा रीतीने उजेड खाली वळवण्याविषयी. म्हणजे दिवा बंद असणे आणि दिवा डोळ्यांत जाणे, दोन्ही नियमाबाहेर.

उत्पादकाने दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय फेरफार केल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दुकानदार दिवा विकून मोकळा होतो, दंडाची जबाबदारी मालकाची राहते. शिवाय वायर कापून जोडलेल्या दिव्यांमुळे वायरिंगच्या वॉरंटीवर कंपनी हात वर करू शकते, हे नव्या गाडीच्या मालकाने विसरू नये.

फोकस बरोबर आहे, हे घरी तपासता येते का?

येते, आणि बल्ब कोणीही बदललेला असो, तपासावे. सपाट जमीन आणि समोर भिंत हवी. सोसायटीचे पार्किंग चालते. टायरमध्ये हवा नेहमीएवढी असावी आणि चालकाच्या जागी कोणीतरी बसलेले असावे. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून दोन्ही बल्बच्या मध्यबिंदूंची उंची खडूने भिंतीवर मांडून घ्यावी. मग गाडी सरळ पाच मीटर मागे घेऊन डिपर लावावा. उजेडाची आडवी रेघ खडूच्या खुणेपेक्षा साधारण पाच ते सहा सेंटिमीटर खाली दिसायला हवी. बहुतेक कारसाठी हा उतार एक टक्क्याच्या आसपास असतो, म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर. नेमका आकडा अनेक गाड्यांत हेडलाइटजवळच्या स्टिकरवर छापलेला असतो.

हे सेंटिमीटर क्षुल्लक वाटतात. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल आणि उतार एक टक्का असेल, तर रेघ ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी ८० च्या वेगात ते अंतर तीन सेकंदांचे. तोच फोकस एक टक्का वर गेला, तर ५५ मीटरवर उजेडाची रेघ १२० सेंटिमीटरवर पोचते. कारमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात.

फोकस खाली-वर करण्याचे स्क्रू हेडलाइटच्या मागे असतात. आपण फिरवण्याआधी एकदा डॅशबोर्डकडे पाहावे. स्टीअरिंगच्या उजवीकडे खाली ० ते ३ आकड्यांचे छोटे चाक बऱ्याच गाड्यांत असते आणि मालकाने ते कधी फिरवलेले नसते. गाडीत एकटा चालक असेल तर ते शून्यावर ठेवायचे. मागे तिघे बसले, डिक्कीत गणपतीला गावी न्यायचे सामान भरले, की गाडीचे नाक वर उचलले जाते. तेव्हा आकडा वाढवायचा. आकडा वाढतो तसा फोकस खाली येतो. भिंतीवरची तपासणीही हे चाक शून्यावर ठेवूनच करावी.

एका बाजूची रेघ वेडीवाकडी असेल तर बल्ब काढून पुन्हा बसवावा. बहुधा तोच तिरका असतो. दोन्ही बाजू सारख्या वर किंवा खाली असतील, किंवा पुढून ठोकर लागून दुरुस्ती झालेली असेल, तर फोकस मशीनवर लावून देणारे गॅरेज शोधावे. बल्ब घालण्याच्या मजुरीपेक्षा या कामाची मजुरी देणे केव्हाही योग्य. ‘भिंतीवर बघून लावला साहेब’ असे म्हणणाऱ्याकडे आणि यंत्र असलेल्याकडे फरक पडतो.

मग गॅरेज कधी गाठावे?

बॉनेट उघडल्यावर बल्बची मागची बाजू दिसते आणि हात पोचतो, तिथे स्वतः करावे. काही गाड्यांत डाव्या बाजूला बॅटरी, उजव्या बाजूला एअर फिल्टरचा डबा किंवा वायपरच्या पाण्याच्या टाकीची मान आड येते. एक-दोन बोल्ट काढायची सवय असेल तर तेही जमते. चाकाच्या आतल्या प्लास्टिकच्या पडद्यातून किंवा बंपर उतरवून बल्ब गाठावा लागत असेल तर नाद सोडावा. बंपरच्या प्लास्टिकच्या खुंट्या तुटल्या की तो पुन्हा कधीच नीट बसत नाही आणि मग खडखडाट आयुष्यभराचा. झेनॉन, बंद एलईडी, वितळलेला होल्डर आणि वारंवार उडणारे बल्ब हेही गॅरेजचे काम. तिथे गेल्यावरही ‘एच४, ६०/५५, पुस्तिकेप्रमाणे’ एवढे स्पष्ट सांगावे आणि खोके स्वतः पाहावे.

दुचाकीचे काय?

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो आणि दिवसाही जळतो. त्यामुळे बल्ब असलेल्या दुचाकीत तो लवकर संपतो. बऱ्याच दुचाकींत ३५/३५ वॉटचा एचएस१ बल्ब असतो. दिसायला तो एच४ चा जुळा भाऊ, बैठकीत मात्र थोडा फरक. घासून-पुसून त्याच्या जागी ६०/५५ चा कारचा बल्ब बसवून देणारे मेकॅनिक भेटतात. दुचाकीचे चार्जिंग त्या भाराला पुरत नाही, बॅटरी उतरते आणि होल्डर वितळतो.

जोडीतला एक बल्ब गेला की दुसराही त्याच वयाचा असतो, म्हणून कारमध्ये दोन्ही एकदम बदलणे बरे. दोन्ही बाजूंचा उजेडही सारखा राहतो. चालू स्थितीतला जुना बल्ब फेकू नये. नव्याच्या रिकाम्या खोक्यात, काचेला हात न लावता, कागदात गुंडाळून तो ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवावा. सोबत एक जोडी कापडी हातमोजे, छोटी टॉर्च आणि दोन जादा फ्यूज. एवढ्याला फार जागा लागत नाही.